काळी दोन

आमच्या कचेरीत साधी लोखंडी खुर्ची घ्यायची म्हटली तरी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावी लागतात. मग त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, शेरे लिहायचे, साहेबांची सही घ्यायची. बावीस वर्षं मी हे तक्ते करतोय आणि, खोटं कशाला सांगू, मला ते आवडतात. घरचा कुकर मी तसाच घेतला. माझी अक्कलदाढ काढणारा डॉक्टरही तसाच शोधला. मोहिनी, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना सांगते की प्रफुल्लरावांना तीन दुकानं दाखवल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा पिशवीत पडत नाही. पाहुणे हसतात. मीही हसायचो.

पोरीसाठी गाण्याची बाईही मी तक्ता करूनच निवडली. तीच गोष्ट सांगतोय. सांगताना मला माझाच राग येतो, तेव्हा मध्ये कुठे तोल गेला तर समजून घ्या.

खरं म्हणजे निवडायची काही गरजच नव्हती. वेदिकाला गुरू आधीच मिळाला होता, तोही न शोधता. माझे सासरे नामपूरचे. त्यांच्या भजनी मंडळाची पेटी बिघडली आणि ती दुरुस्तीला नाशिकला आमच्याकडे पाठवली. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात झुंबरकाकांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, भिंतीला टेकून ठेवलेल्या उघड्या पेट्या, खाली पितळेचा भुगा. मी पेटी घेऊन गेलो तेव्हा वेदिका बरोबर होती. तेव्हा ती नऊ वर्षांची.

काका एक पितळी सूर घासत होते. घासायचा, बसवायचा, भाता मारून वाजवून बघायचा, पुन्हा काढून घासायचा. वेदिका उंबऱ्यात बसली होती. तिसऱ्यांदा सूर वाजला आणि हिने बसल्या जागी तोच सूर गळ्यातून धरला. काकांनी मान वर केली. दुसरा वाजवला, तिने तोही धरला. मग ते एकेक पट्टी वर चढत गेले आणि ती त्यांच्या मागे मागे. एका ठिकाणी ती थांबली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"हा माझा नाही," वेदिका म्हणाली.

काका हसले. मग त्यांनी खालची एक काळी पट्टी दाबली, दुसऱ्या नंबरची. "आणि ह्यो?"

वेदिकाने सूर लावला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण दुकानाबाहेर मेथी विकत बसलेली बाई मागे वळून बघायला लागली, एवढं आठवतं.

"साहेब," काका मला म्हणाले, "पोरीचा आवाज ढाला हाय. खालचा, रुंद. लय थोड्यांना आसतो. शनवार-रविवार दुपारी सोडत जा माझ्याकडं."

मी हो म्हणालो. फुकटच होतं म्हणा ना. गुरुपौर्णिमेला काय ते देऊ, असं मनात धरलं. काकांच्या दुकानाच्या लाकडी दाराला आतून पेन्सिलीने नावं लिहिलेली होती. शिकायला येणारं प्रत्येक पोर आणि त्याची पट्टी. सोमा, पांढरी पाच. हर्षल, काळी एक. पोर वाढलं, आवाज सरकला की काका जुनी पट्टी खोडून शेजारी नवी लिहायचे. त्यात त्या दिवशी एक नाव वाढलं. वेदिका, काळी दोन.

दीड वर्ष ती तिथे जात होती. सोडायला मी जायचो, आणायला मोहिनी. घरी आल्यावर मी विचारायचो, "आज काय शिकवलं?" "सा," ती म्हणायची. पुढच्या आठवड्यात विचारलं तरी सा. कधी म्हणायची, आज मी नुसता भाता मारला आणि सोमादादाचं ऐकलं. दीड वर्षात पाच सूर आणि एक अभंग, तोही अर्धा. आता मला कळतं की त्या दीड वर्षात पोरगी बुटाची नाडी बांधताना गायची, कपड्यांच्या घड्या घालताना गायची, जिन्यावरून येताना ती आली हे आम्हाला आधी ऐकू यायचं. तेव्हा मात्र मी हिशेब मांडत होतो तो वेगळाच. शेजारी राहणाऱ्या, आमच्याच कचेरीतल्या एकाच्या सायलीला एका वर्षात सात गाणी येत होती.

मग ती वास्तुशांत आली. आमच्या कचेरीतल्या एकाने इंदिरानगरात फ्लॅट घेतला होता. जेवणं झाल्यावर मुलांना काहीबाही म्हणायला लावलं. सायलीने एक गोड गाणं हातवारे करून म्हटलं. मग वेदिका उभी राहिली आणि तिने तो अर्धा अभंग म्हटला, तिच्या त्या खालच्या आवाजात, डोळे मिटून. खोलीतली कुजबूज थांबली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात यजमानीणबाई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "छान म्हणते हो! डोळे मिटून ऐकलं तर मुलगाच गातोय असं वाटतं, नाही?" दोघं-तिघं हसले. वाईट हेतूने नाही हसले, तसं काही नव्हतं. पण माझे कान तापले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात मोहिनीपुढे धुसफुसलो. म्हणालो, "मुलीचा आवाज कसा मुलीसारखा हवा. ही गड्यासारखी गाते. हा म्हातारा तिला खालीच बसवून ठेवतोय. उद्या चारचौघांत उभी राहिली तर लोक तोंडावर हसतील." मोहिनी म्हणाली, "हळू बोला." मी म्हणालो, "हळू कशाला? खरं तेच बोलतोय." वेदिका बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. आमच्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे. नुसता पडदा.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. त्यातच कचेरीत कुणीतरी सांगितलं की शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, पंधरापर्यंत. पंधरा! काकांच्या दुकानातल्या पितळेच्या भुग्यातून एक तरी गुण निघणार होता का? मी आखीव कागद घेतला आणि तक्ता केला. नाव, अनुभव, परीक्षांची सोय, मागील निकाल, घरापासून अंतर, शेरा. नियमाप्रमाणे तीन नावं हवीत म्हणून तीन घेतली.

पहिलं झुंबरकाकांचं. अनुभव चाळीस वर्षं, परीक्षांची सोय नाही, निकाल लागू नाही. शेऱ्यात मी "संथ" लिहिलं.

दुसरे निवृत्ती सर, गंगापूर रोडला राहणारे, एका शाळेतून संगीतशिक्षक म्हणून रिटायर झालेले. मी वेदिकाला त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला गायला लावलं, मग पाणी दिलं, मग पुन्हा गायला लावलं. "कोणाकडे जाते ही?" मी सांगितलं. तर म्हणाले, "मग माझ्याकडे कशाला आणलीत? चांगल्या हातात आहे. हलवू नका." मी घरी येऊन त्यांच्या नावापुढे शेरा लिहिला: "इच्छुक नाहीत."

हा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिलाय. एक जाणता माणूस मला तोंडावर खरं सांगत होता आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

तिसऱ्या चैताली मॅडम. मोठा क्लास, स्वच्छ हॉल, भिंतीवर प्रमाणपत्रं मिळालेल्या मुलांचे फोटो, निकाल शंभर टक्के, गाडी लावायला जागा. एका बॅचला अठरा मुलं. मॅडम बोलायला चांगल्या, शिकवायलाही वाईट नव्हत्या, उगाच त्यांच्या माथी काही मारणार नाही. अठरा पोरांना एका वेळी गायला बसवायचं तर तंबोऱ्याचं मशीन एकाच सुरात लावावं लागणार. त्यांचं मशीन काळी चारला, म्हणजे वेदिकाच्या पट्टीपेक्षा बरंच वर, लावलेलं असायचं. बहुतेक मुलींना तिथे बरं पडतं.

झुंबरकाकांना सांगायला मी एकटाच गेलो. पेढ्याचा पुडा नेला होता, काहीतरी सुटसुटीत निरोप घेतोय असं वाटावं म्हणून. काका म्हणाले, "पोरीला इचारलं का साहेब?"

"तिला काय कळतंय, काका? अजून अकरा पूर्ण नाहीत."

"तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं," काका म्हणाले. भांडतील असं मला वाटलं होतं, पण भांडले नाहीत. "घेऊन जा. तुमची लेक हाय. परीक्षा बी द्या, नाय कशाला. फक्त येक करा. तिला काळी चारला बसवू नका. तिथं ती पोचंल, पण गळा आवळून पोचंल. त्या मॅडमना येवढं सांगा. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. विसरलो असतो तर आज एवढं लागलं नसतं. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलंही होतं, "हिची काही वेगळी पट्टी आहे का? आधी शिकत होती ना?" वेदिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही, तुमच्या पद्धतीने घ्या." मला तेच तर हवं होतं. पोरीचा आवाज वर जावा, बारीक व्हावा, सायलीसारखा व्हावा. मशीन सुरू झालं आणि ती अठरा पोरांत बसून वरचा सा ओढायला लागली. मानेची शीर वर आलेली मला दाराजवळून दिसत होती. मी गाडी काढली आणि कचेरीत गेलो.

पाच वर्षं. पाच परीक्षा. एकही चुकली नाही. प्रत्येक परीक्षेच्या आधी आठ-दहा दिवस घरात ज्येष्ठमध, कोमट पाणी, हळदीचं दूध. एकदा आवाज पूर्ण बसला तेव्हा घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "ताण पडतोय. महिनाभर गाणं बंद." परीक्षा बारा दिवसांवर होती. मी आठ दिवस बंद ठेवलं. पहिल्या वर्गात पास झाली.

या पाच वर्षांत तिने एकदाही कुरकुर केली नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो. मोहिनी एकदा म्हणाली, "तुमच्या लक्षात आलं का, ही हल्ली घरात गात नाही." मी म्हणालो, "क्लासमध्ये गाते ना, दमत असेल." नाडी बांधताना, घड्या घालताना, जिन्यावर गाणं नेमकं कधी थांबलं, हे मला आठवत नाही. तारीख लिहून ठेवायची सवय असलेला माणूस मी, पण ती तारीख माझ्याकडे नाही.

यंदा दहावीचा निकाल लागला. चांगले मार्क पडले, त्यात वाढीव पंधरा आलेच. मी मार्कशीटवर बोट ठेवून मोहिनीला दाखवले. वेदिका म्हणाली, "बाबा, आता क्लास बंद केला तर चालेल ना?" ज्या सुरात माणूस बसमधून उतरताना विचारतो, इथेच उतरायचं ना, त्या सुरात. मी म्हणालो, "अगं, आता तर खरं गाणं सुरू होईल. बघू." तिने मान हलवली आणि त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रांची फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली, हिवाळ्याच्या रजयांच्या मागे.

पेढे आणले तेव्हा मोहिनीने एक पुडा बाजूला काढला. "हा झुंबरकाकांना. दोघं जाऊन या."

"एवढ्या वर्षांनी?"

"म्हणूनच," मोहिनी म्हणाली. पोरीच्या गाण्याबाबत मी तिचं कधीच ऐकलं नव्हतं, या वेळी ऐकलं.

बोळ तोच. मेथीवाल्या बाईच्या जागी आता तिची सून बसते. काका थकले आहेत, जाड भिंगाचा चष्मा आला आहे, पण हातात तोच सूर आणि तीच कानस. वेदिकाला त्यांनी क्षणभर ओळखलं नाही. मग म्हणाले, "ये गं माय! केवढी झालीस!" तिने वाकून नमस्कार केला. मी मार्कांचा आकडा सांगितला, पंधराचंही सांगितलं. जीभ थांबली नाही माझी.

"लय चांगलं," काका म्हणाले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि दाराकडे बोट दाखवलं. "तुझं नाव हाय बघ अजून."

होतं. सोमाच्या नावापुढे तीन खाडाखोडी होत्या, पांढरी पाचवरून तो खाली खाली येत कुठल्या कुठे पोचला होता. हर्षलच्या नावापुढेही खोडाखोड. बाकीची नवी नवी नावं. मध्येच कुठेतरी, पेन्सिल पुसट झालेलं, एकही खाडाखोड नसलेलं: वेदिका, काळी दोन.

"म्हटलं, पोर आली की बघू कुठवर सरकली ते. मग खोडू," काका म्हणाले. त्यांनी समोरची पेटी ओढली, भाता सोडला. "लाव बरं सा."

वेदिकाने सरळ काळी चारचा सा लावला. पेटीचा आधार न घेता लावला, बिनचूक. पाच वर्षांची सवय. आवाज बारीक होता, शेवटाला कडेने चिरलेला होता. काकांनी तो संपेपर्यंत ऐकला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग हळूच त्यांनी खालची दुसरी काळी पट्टी दाबली आणि भाता मारत राहिले.

तो सूर त्या खोलीत भरला. वेदिकाचा श्वास आत गेला, मी पाहिलं. ओठ उघडले. एक हलकासा, खालचा, रुंद आवाज निघालाही, अर्धा क्षण, आणि मला तो तिथल्या तिथे ओळखू आला. बाहेरची सून मागे वळली. मग वेदिकाने तोंड मिटलं.

"घे की," काका म्हणाले. "तुझाच हाय."

"नको काका." ती हसली. रागाने नाही, लाजून नाही, मोठ्या माणसासारखी हसली. "हा माझा नाही आता. हा आवाज गड्यासारखा वाटतो. बाबांना आवडत नाही."

भाता चालूच होता. काकांचा हात थांबायला थोडा वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पेटी बंद केली, कडी लावली, आणि "चहा सांगू का?" म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे तो पडदा होता. साडेदहा वर्षांची पोर पलीकडे वही उघडून बसली होती आणि मी अलीकडून तिला सांगत होतो की तिच्याजवळ जे आहे ते हसण्यासारखं आहे. पुढची पाच वर्षं ती मला आवडेल असा आवाज काढत राहिली. कुरकुर कशी करणार? ती माझी चूक दुरुस्त करत नव्हती, स्वतःची करत होती.

निघताना मी दाराशी रेंगाळलो. काकांना काहीतरी म्हणायला हवं होतं. "काका, तेव्हा मी मॅडमना सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणालो.

"कळलं," काका म्हणाले. "सा ऐकला तेव्हाच कळलं." त्यांनी नाव खोडलं नाही. पेन्सिल कानामागेच राहू दिली.

वेदिका स्कूटरवर मागे बसली. भाजीबाजाराच्या गर्दीतून मी कशीबशी गाडी काढली. गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा जरा मोकळं झालं. मी म्हणालो, "वेदू, तो आवाज मला आवडतो गं. तेव्हाही आवडला होता. लोक हसले म्हणून मी मूर्खासारखं बोललो."

"काय?" ती ओरडली. हेल्मेट, वारा, रिक्षांचे हॉर्न.

मी तेच पुन्हा म्हणालो, मोठ्याने. सगळ्या पुलाला ऐकू गेलं असेल. तिने माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं, लहान मुलाची समजूत घालतात तसं.

"असू द्या ना बाबा," ती म्हणाली. "मार्क तर मिळाले."